भाता कोण मारतं?

६ मार्च २००७, मंगळवार. तारीख पक्की लक्षात आहे, कारण त्या दिवसाची मी दोन महिने वाट पाहत होते. शेवटचा तास संपला तशी मी जवळजवळ धावतच सीडीच्या दुकानात गेले, आर्केड फायर या बँडच्या 'निऑन बायबल' या नव्या अल्बमची सीडी घेतली आणि दुकानाच्या दारातच उभं राहून दातांनी प्लॅस्टिक फाडलं. कॅनडातल्या माँट्रियलमध्ये मार्च म्हणजे वसंत वगैरे काही नसतो. फुटपाथच्या कडेला कंबरेएवढा राखाडी बर्फ, आणि हातमोजे काढले की बोटं दोन मिनिटांत बधिर. तशाच बधिर बोटांनी मी तबकडी डिस्कमनमध्ये बसवली, टोपीच्या आत इअरफोन कोंबले आणि चालत घरी निघाले.

घर येईपर्यंत सहा गाणी झाली होती. जिन्यात बसून बूट काढताना मला हुंदका आला. गाणी वाईट होती म्हणून नव्हे. मला जे हवं होतं ते त्यात कुठेच नव्हतं म्हणून.

मला काय हवं होतं ते सांगते. आर्केड फायर हा माँट्रियलचाच बँड. त्यांचा पहिला अल्बम 'फ्युनरल' सप्टेंबर २००४ मध्ये आला होता. मी तिथे शिकायला गेले २००६ च्या ऑगस्टमध्ये. तोवर शहरातल्या माझ्या वयाच्या प्रत्येकाला तो अल्बम पाठ होता, आणि मला नावही माहीत नव्हतं. त्या डिसेंबरात मिरजेला माझी आजी गेली. परीक्षा तोंडावर होत्या, तिकिटाचे पैसे नव्हते. बाबा फोनवर म्हणाले, "तू पोचेपर्यंत दहावा होऊन जाईल. नको येऊस." मी गेले नाही. दोन दिवस खोलीत पडून होते. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खोलीतल्या मैत्रिणीने दार ढकललं, काही न बोलता तिचा सीडी प्लेअर माझ्या उशाशी ठेवला आणि बटण दाबून निघून गेली.

त्या अल्बमला 'फ्युनरल' हे नाव उगाच दिलेलं नाही. त्या दिवसांतच बँडमधल्या रेजीन शासान्यची आजी गेली. मग बँडचा गायक विन बटलर आणि त्याचा भाऊ विल्यम यांचे आजोबा आल्विनो रे गेले. ते स्वतः एके काळचे नावाजलेले गिटारवादक, इलेक्ट्रिक स्टील गिटार लोकांपर्यंत नेणाऱ्यांपैकी एक. रिचर्ड रीड पॅरीच्या घरातही त्याच सुमारास एक मृत्यू झाला. म्हणजे सुतक एकाच्या घरचं नव्हतं, सगळ्यांच्याच घरी होतं, आणि ती सगळी मंडळी हॉटेल टू टँगो नावाच्या स्टुडिओत एकत्र बसून गात होती. व्हायोलिन, अकॉर्डियन, पियानो, गिटार, आणि या सगळ्यांवर सहा-सात जणांच्या गळ्यांचा एकत्र आवाज. 'वेक अप' नावाच्या गाण्यात जो भाग सगळ्यांच्या तोंडी बसला आहे त्यात शब्दच नाहीत, नुसता ओकार आहे. घरात गणपतीच्या आरतीला सगळे उभे राहतात ना, काकांचा सूर चढा, मावशीचा पडका, पोरं टाळ्या वेळेआधी मारतात, आणि तरीही आरती भरून येते, तसा तो आवाज आहे. आजीच्या दहाव्याला मला जी माणसं भोवती हवी होती ती मला त्या आवाजात मिळाली. याहून सोप्या शब्दांत मला ते सांगता येत नाही.

त्यातलं वीज गेल्याचं एक गाणं तर मला माँट्रियलच्या लोकांनी शब्दश: समजावून दिलं. १९९८ च्या जानेवारीत तिथे बर्फाचं वादळ आलं, तारांवर आणि खांबांवर इतका बर्फ चढला की खांब कोलमडले आणि कडाक्याच्या थंडीत लाखो घरं कित्येक दिवस अंधारात राहिली. शेजारच्या बाईंनी मला सांगितलं होतं की त्या दिवसांत त्यांच्या इमारतीतली सगळी बिऱ्हाडं ज्याच्याकडे लाकडाची शेगडी होती त्याच्या खोलीत झोपत. 'फ्युनरल' ऐकताना मला ती खोली दिसायची.

आणि आता हा नवा अल्बम. पहिलंच गाणं दूरच्या गडगडाटासारखं सुरू होतं. विनचा आवाज खोल विहिरीतून यावा तसा. ढोल होते, व्हायोलिनं होती, सगळं होतं, पण माणसं कुठे होती? जणू ती सगळी शेकोटीपासून उठून एका प्रचंड रिकाम्या इमारतीत गेली होती आणि मी बाहेर उभी राहून ऐकत होते. चौथं गाणं 'इंटरव्हेन्शन' ऑर्गनने उघडलं. चर्चचा ऑर्गन. माझ्या दहा डॉलरच्या इअरफोनमध्ये तो पत्र्याच्या डब्यासारखा वाजला. मी मैत्रिणीला म्हटलं, "यांना मोठं व्हायचंय, म्हणून मोठं वाद्य आणलंय."

हे मी पुढचे काही आठवडे भेटेल त्याला सांगत होते. शहरात बरेच जण तेच म्हणत होते. अल्बम कॅनडात पहिल्या आणि अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकावर गेला, पण आमच्या स्वयंपाकघरात मत ठाम होतं की ऊब गेली.

ऑर्गनबद्दल मी इतकी तावातावाने का बोलत होते, त्याला कारण आहे. मी ऑर्गनच्या घरातली आहे.

माझे आबा, म्हणजे आईचे वडील, मिरज-सांगलीकडच्या हौशी नाटक मंडळींना ऑर्गनची साथ करायचे. संगीत नाटकाला ऑर्गन लागतोच. बालगंधर्वांच्या काळापासून तो जो विंगेपुढे बसला तो बसलाच. कारण साधं आहे. पेटी वाजवताना एक हात भात्यात अडकतो. ऑर्गनचा भाता पायाने मारायचा, दोन्ही हात मोकळे. शिवाय पेटीचा भाता हवा बाहेर ढकलतो, तर आबांच्या ऑर्गनचा भाता ती आत ओढून घ्यायचा. पितळी पट्ट्यांवरून हवा ओढली जाते म्हणून सूर टोचत नाही, गोल येतो, आणि नटाने कितीही लांब तान मारली तरी खाली सतरंजी अंथरल्यासारखा पसरून राहतो. लोक त्याला पायपेटीही म्हणतात. आबांना तो शब्द आवडायचा नाही.

लहानपणी मी त्या ऑर्गनच्या खाली बसायचे. दोन पायटे, त्यांवर गालिच्याचे तुकडे ठोकलेले, आबांच्या अंगठ्याखालचा भाग झिजून सुतळी दिसायची. डावा, उजवा, डावा, उजवा. डावं पायटं खाली जाताना बारीक कुरकुरायचं. गुडघ्याजवळ एक लाकडी पट्टी होती, ती गुडघ्याने बाहेर रेटली की आवाज चढायचा. नट पद संपवायला आला की आबांचा गुडघा हळूच सरकायचा. मी ते गुडघे बघूनच ओळखायचे की आता टाळ्या पडणार. आणि आबा दमले की वर काय वाजतंय ते न ऐकताही खाली कळायचं. पाय जड व्हायचे, सूर मंदावायचा, मग एक खोल श्वास, आणि परत डावा, उजवा.

तर, मला ऑर्गन कळतो असं माझं म्हणणं होतं. एप्रिलमध्ये ते कोलमडलं.

झालं असं की अल्बमबद्दलचा एक लेख वाचताना कळलं की ध्वनिमुद्रणासाठी बँडने माँट्रियलपासून साठेक किलोमीटरवर फार्नम नावाच्या गावातलं एक छोटं चर्च विकत घेतलं, तिथेच स्टुडिओ थाटला, आणि ऑर्गन मात्र शहरातल्या सँ-झाँ-बातिस्त चर्चमध्ये जाऊन मुद्रित केला. सँ-झाँ-बातिस्त! रशेल रस्त्यावरचं. मी रोज त्याच्या समोरून जायचे. त्याच्या पायऱ्यांवर बसून मी सामोसे खाल्ले होते. आत कधी डोकावलेही नव्हते.

पुढच्या रविवारी गेले. प्रार्थना चालू होती, फ्रेंचमध्ये. एवढ्या अवाढव्य जागेत जेमतेम चाळीस माणसं, बहुतेक सगळी सत्तरीची. मी शेवटून तिसऱ्या बाकावर बसले. थोड्या वेळाने ऑर्गन सुरू झाला आणि मला पहिल्यांदा वाटलं बाहेरून मोठा ट्रक जातोय. बाक थरथरत होता. मग पाठीच्या मणक्यातून काहीतरी वर चढलं, आणि सगळ्यात शेवटी कानाला सूर ऐकू आला, मागून आणि वरून. वाजवणारा माणूस कुठे दिसतच नव्हता.

नंतर वाचून समजलं ते असं. आमच्या ऑर्गनमध्ये पट्ट्या असतात, तर या ऑर्गनमध्ये नळ्या, हजारोंनी. काही शिट्टीएवढ्या, काही नारळाच्या झाडासारख्या. सोळा फुटी नळीचा सूर सेकंदाला साधारण तेहतीस कंपनांचा असतो. इतका खालचा सूर कान धड ऐकत नाही, अंग ऐकतं. आणि दहा डॉलरच्या इअरफोनमधून तो बाहेर पडतच नाही. म्हणजे एक महिनाभर मी ज्या आवाजाला नावं ठेवत होते त्याचा अर्धा भाग मी ऐकलाच नव्हता. त्या चर्चमधला ऑर्गन काझावाँ या कारखान्याचा आहे. माँट्रियल ज्या क्वेबेक प्रांतात आहे तिथल्याच सँत-इयासँत गावात १८७९ पासून हे लोक ऑर्गन बनवतात. आमच्या मिरजेत जसा तंबोरा, तसा त्या भागात ऑर्गन. बँडने गावात पिढ्यान्‌पिढ्या बनणारं, पण तरुण पोरांनी कधीच न ऐकलेलं वाद्य उचललं होतं. मी मात्र ते थाटमाटाचं लक्षण समजले.

त्या चाळीस माणसांचंही सांगायला हवं. क्वेबेकमध्ये १९६० च्या दशकात ज्याला तिथे 'शांत क्रांती' म्हणतात ती झाली. त्याआधी शाळा चर्चच्या, दवाखाने चर्चचे, कोणाला किती मुलं व्हावीत यावरसुद्धा चर्चचा शब्द. दहा-पंधरा वर्षांत हे सगळं सरकारकडे गेलं आणि लोकांनी चर्चकडे पाठच फिरवली. इमारती तेवढ्या उरल्या, माणसांविना. कुठे वाचनालय झालं, कुठे फ्लॅट निघाले. अशा मुलखात एखाद्या बँडला चर्च विकत मिळणं यात नवल नाही. पण तिथे बसून त्यांनी जी गाणी रचली ती ओस पडलेल्या देवळाबद्दलची नव्हती. विन वाढला टेक्सासमध्ये, ह्यूस्टनजवळ, जिथे चर्च भरलेली असतात. मॅकगिल विद्यापीठात त्याने धर्मांचाच अभ्यास केला. आणि हे २००६-०७ साल, इराकचं युद्ध रोज टीव्हीवर. या अल्बममध्ये आपल्या पोरीला देवाच्या नावाने रंगमंचावर उभं करू पाहणारा बाप आहे. बापाच्या घरात आता राहायचं नाही म्हणणारा मुलगा आहे. 'इंटरव्हेन्शन'मध्ये तर चर्चसाठी राबणारा माणूस आहे, आणि तो तिकडे राबत असताना इकडे त्याचं घर मरतंय. अशा माणसाची गोष्ट अकॉर्डियनवर सांगता आली असती का? मला नाही वाटत. ज्याच्यासाठी तो राबतोय त्याचाच आवाज गाण्यात हवा होता, आणि तो आवाज मोठा, वरून येणारा, माणूस न दिसणारा असाच असायला हवा होता.

आवाज कसा बदलला हे ज्याला नेमकं ऐकायचंय त्याने 'नो कार्स गो' दोनदा ऐकावं. हे गाणं त्यांच्याकडे दोन रूपांत आहे. एक २००३ मध्ये त्यांनी स्वतःच्या खर्चाने काढलेल्या सात गाण्यांच्या छोट्या तबकडीवर, 'फ्युनरल'च्याही आधीचं. दुसरं 'निऑन बायबल'वर, शेवटून दुसरं. गाणं तेच, चाल तीच, ओळींच्या मध्ये 'हे!' अशी आरोळीसुद्धा तीच. पहिल्या रूपात ती आरोळी खोलीतल्या चार मित्रांची आहे, एकाचा आवाज माइकच्या फार जवळ आलाय, कोणीतरी किंचित मागे पडलंय. ढोल कोरडे, जणू शेजारच्या खोलीत गाद्या लावून वाजवलेत. दुसऱ्यात ऑर्केस्ट्रा आहे, समूहगान आहे. या अल्बमसाठी ते थेट बुडापेस्टला गेले होते. शेवटी सगळं एकावर एक चढत जातं, आणि मग आरोळी कोणाची ते ओळखूच येत नाही. ती गर्दीची होते. मोटारी जात नाहीत अशा जागेचं ते गाणं आहे, मुलांच्या लपण्याच्या जागेचं. पहिल्यात चार मुलं निघाली आहेत. दुसऱ्यात अख्खं गाव निघालंय, आणि का निघालंय या विचाराने मला भीती वाटते. मला पहिलं रूप जास्त प्रिय आहे, दुसरं जास्त मोठं गाणं आहे, आणि ही दोन वाक्यं एकमेकांशी भांडत नाहीत.

मला असंही वाटतं की ती जुनी आरोळी त्यांच्याकडे उरलीच नव्हती. २००५ मध्ये यू-टू हा बँड आपल्या दौऱ्यात रंगमंचावर येण्याआधी 'वेक अप' लावायचा. हजारो लोकांच्या स्टेडियममध्ये. त्याच वर्षी डेव्हिड बोवी त्यांच्यासोबत तेच गाणं गायला. आजी आणि आजोबा गेल्यावर जो सूर त्यांनी खोलीत बसून एकमेकांसाठी लावला होता, तो आता स्टेडियम लावत होतं. घरची आरती मंडपाच्या लाउडस्पीकरवर गेली की घरातल्याला ती तशीच परत म्हणता येत नाही. त्यांनी ती परत म्हटली नाही, याबद्दल आज मला त्यांचा आदर वाटतो. त्या मार्चमध्ये राग आला होता.

सगळंच जमलंय असं मी म्हणणार नाही. ध्वनी गढूळ आहे, हे माझं मत आजही तेच आहे. चांगल्या स्पीकरवर ऐकूनही ढोल आणि गिटार एकमेकांत मिसळतात, आणि रेजीनचा आवाज, जो 'फ्युनरल'च्या शेवटच्या गाण्यात काळजाला हात घालतो, इथे पुष्कळ वेळा भिंतीमागे राहतो. 'विंडोसिल' मला नेहमीच एक कडवं लांब वाटलं. पण 'ओशन ऑफ नॉइज'च्या शेवटी जी पितळी वाद्यं येतात, ती ऐकताना दर वेळी मी हातातलं काम थांबवते. आणि 'कीप द कार रनिंग'मधली तारांची अखंड किणकिण तर ज्याने एकतारीवरचं भजन ऐकलंय त्याला लगेच आपली वाटेल. २०१० चा 'द सबर्ब्ज' आला, त्याला ग्रॅमी मिळालं, तो बहुतेकांचा आवडता. त्याच्यावर कधीतरी वेगळं लिहीन.

२००८ च्या मे महिन्यात शिक्षण संपवून मी घरी आले. मिरजेला गेले ती दुपारची वेळ. आबा व्हरांड्यात आरामखुर्चीत, समोरच्या खोलीत आजीचा फोटो, त्याला चंदनाचा हार. माझ्याकडे तोवर चांगले हेडफोन आले होते, पहिल्या पगाराचे. मी म्हटलं, "आबा, तिकडचा ऑर्गन ऐकता?"

त्यांनी कवळी नीट बसवली, जणू गायलाच बसायचंय, आणि हेडफोन चढवून घेतले. मी 'इंटरव्हेन्शन' लावलं. आबांना इंग्रजी फारसं येत नव्हतं आणि गिटारवाल्या संगीताबद्दल त्यांचं मत मला माहीत होतं. पहिल्या सुरालाच त्यांनी डोळे मिटले. थोड्या वेळाने माझं लक्ष खाली गेलं. आरामखुर्चीखाली त्यांचे पाय हलत होते. डावा, उजवा, डावा, उजवा.

गाणं अर्ध्यावर आलं तसे ते पाय थांबले. त्यांनी डोळे उघडले आणि हेडफोन एका कानावरून सरकवला.

"याला भाता कोण मारतं गं?"

"मोटर असते आबा. विजेवर चालतो. पूर्वी म्हणे माणसं ठेवायचे भाता मारायला, मागच्या बाजूला."

"म्हणजे हा दमत नाही."

"नाही."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग गाणाऱ्यानं श्वास कुठं घ्यायचा?"

मला तेव्हा त्यांचं बोलणं नीट कळलं नाही, म्हणून मी विचारलं. त्यांनी समजावलं ते त्यांच्या भाषेत, नाटकाच्या. नटाचा दम कुठे संपतो हे साथीदाराला आधीच कळलं पाहिजे. तो श्वास घेईल तिथे आपण अर्धी मात्रा सूर सोडायचा, त्याला जागा द्यायची. लोकांना वाटतं नटाने मुद्दाम थांबून मजा आणली. "आपण पण दमतो ना, म्हणून कळतं," आबा म्हणाले. "पायाला कळतं आधी. ह्याला पायच नाहीत."

आणि परत हेडफोन लावून त्यांनी ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं. शेवटाकडे विनचा आवाज चढत चढत फाटतो. ऑर्गन मात्र होता तसाच, एक कण कमी नाही की जास्त नाही. आबा हेडफोन काढताना एवढंच म्हणाले, "बिचारा." मला वाटलं गायकाबद्दल म्हणाले. ज्याच्यावर गाणं आहे त्या राबणाऱ्या माणसाबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं, शब्द तर कळलेच नव्हते.

त्यानंतर हा अल्बम मी वेगळ्या कानांनी ऐकते. 'फ्युनरल'मध्ये वाद्यं माणसांबरोबर दमतात. अकॉर्डियनचा भाता मिटतो, व्हायोलिनचा गज संपतो, गळे बसतात, आणि त्या जागांतून गाणं श्वास घेतं. 'निऑन बायबल'मध्ये गायक ज्याच्याशी झुंजतोय ते दमणारं नाहीच. अल्बमचं शेवटचं गाणं घ्या, 'माय बॉडी इज अ केज'. सुरुवातीला जवळजवळ एकटा आवाज, साध्या प्रार्थनेसारखा. मग ऑर्गन येतो तो भिंत कोसळावी तसा, आणि त्या भिंतीखालून तो माणूस तीच ओळ म्हणत राहतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं होतं, शेकोटी सोडून हे लोक कुठे गेले. ते तिथेच होते. त्यांच्यावर जे उभं होतं ते त्यांनी मला ऐकवलं होतं.

आबा २०१३ मध्ये गेले. त्या वेळी मी पोचले होते.

ऑर्गन काही वर्षं मिरजेच्या घरात तसाच पडून होता. भात्याचं कातडं उंदरांनी कुरतडलं, दोन सूर चिकटले. गेल्या पावसाळ्यानंतर तो पुण्याला आणला. कारागिराने कातडं नवं लावलं, पट्ट्या एकेक करून काढून ब्रशने झाडल्या. पायट्यांवरचा गालिचा बदलू का म्हणून त्याने विचारलं, मी नको म्हटलं. परवा रात्री सगळे झोपल्यावर दार लावून बसले आणि 'इंटरव्हेन्शन'चे सुरुवातीचे सूर लावले. वाटलं त्याहून सोपे आहेत, हातांना काहीच त्रास नाही. त्यावर हळू आवाजात गायला लागले. दुसऱ्या कडव्यापाशी पोटऱ्या भरून आल्या. डावं पायटं कुरकुरलं, सूर मंदावला, आणि नेमका तिथेच माझाही दम संपला होता. मी श्वास घेतला. मग परत डावा, उजवा.